रिकाम्या खुर्चीतले सासरे

मी जन्माची भित्री. लहानपणी तापीच्या पुरात वाहत आलेलं खोड दिसलं तरी मला ती मगर वाटायची. लग्न होऊन आले तर भरदुपारी दाराची कडी वाजली की पहिला विचार वाईटच यायचा. घरातले सगळे मला त्यावरून चिडवत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं ठरे. पण ज्या वर्षी माझ्या यजमानांना पोलिसांनी धरून नेलं, त्या वर्षी घरात मी एकटीच खरी ठरले. त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा नावाच्या तीर्थगावाच्या बाजूला. आम्ही गुजर, घरची शेती कापसाची. यजमान कापसाच्या गाड्या घेऊन नवापूरकडे जात आणि येताना लाकूड भरून आणत, त्यामुळे त्या सगळ्या रस्त्यावर लोक त्यांना तोंडानं ओळखत. त्याच रस्त्यावर, विसरवाडीजवळच्या जंगलात, एका दुपारी टपालाचा टांगा लुटला गेला. टांगेवाला जागीच मेला. बरोबरचा शिपाई डोक्यात घाव बसूनही वाचला. तो हिंडूफिरू लागल्यावर त्याच्यासमोर दहा-बारा माणसांची रांग उभी केली, आणि त्यानं माझ्या यजमानांवर बोट ठेवलं. शिपाई खोटारडा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्यानं यांना त्या रस्त्यावर कितीदा तरी पाहिलं असणार. डोकं फुटलेल्या माणसाला ओळखीचं तोंड दिसलं आणि त्यानं तेच दाखवलं.

खरी गोष्ट अशी की त्या दुपारी यजमान आमच्या अंगणात उभे होते. माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं. मुहूर्त गोरज, नवरीचं गाव जवळ, त्यामुळे नवरदेव निघायच्या आधी घरातल्यांचा फोटो काढायचा असं दिराच्या मनानं घेतलं होतं. नंदुरबारहून फोटोवाला आला होता. तीन पायांच्या तिकाटण्यावर पेटी, त्यावर काळं कापड, आणि त्याचं सारखं चाललेलं, हलू नका, हलू नका. पाटलांच्या ओट्यावरून दोन खुर्च्या आणल्या. एकीत सासूबाई बसल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी, कारण सासरे त्याआधीच वारले होते. सासूबाई म्हणाल्या ती खुर्ची कोरी ठेवायची नाही, त्यावर त्यांचं पागोटं ठेवा. मीच फडताळातून पागोटं आणून ठेवलं. पुढे सतरंजीवर बाशिंग बांधलेला दीर बसला. यजमान त्या मोकळ्या खुर्चीमागे, पाठीवर हात ठेवून उभे राहिले. सुनांनी फोटोत यायची पद्धत नव्हती. मी दारात उभी राहून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

फोटो आला तेव्हा सासूबाईंना तो आवडला नाही. मोकळ्या खुर्चीवर पागोटं पाहून त्यांचं मन लागेना. आमच्याकडे तेव्हा गेलेलं माणूस किंवा परगावी अडकलेलं माणूस फोटोत बसवून घेत असत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट ज्या घरच्या फोटोत कुणी कमी आहे, त्या घराची लोकांना कीव यायची. सासऱ्यांचा एकच फोटो होता, कुठल्याशा यात्रेत काढलेला. फोटोवाल्यानं त्यातलं तोंड कापून मोठ्या फोटोतल्या खुर्चीवर चिकटवलं आणि खाली रंगानं अंगरखा, धोतर, हात असं सगळं काढलं. ब्रश हातात होताच म्हणून पुरुषांची पागोटी लाल केली. सासूबाईंनी फोटोतल्या आपल्या कपाळावर कुंकूही रंगवून घेतलं. मी काही बोलायच्या आत मलाच म्हणाल्या, "त्या बाजूले बठेल शेतस, मंग मन्हं कपाय कोरं कसं ठेवू?"

नवरा शेजारी बसलेला, मग कपाळ कोरं कसं ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. फोटो ओसरीत लागला. रोज सकाळी त्या पदरानं त्याची काच पुसायच्या.

यजमानांना नेलं त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. घरच्यांची साक्ष फौजदार मानायला तयार नव्हता. गावकऱ्यांनाही तो म्हणाला की लग्नाच्या गर्दीत कोण होतं नि कोण नव्हतं हे तुम्ही काय सांगणार. तेव्हा सासूबाई उठल्या आणि ओसरीतला फोटो काढायला लागल्या. मी रडत त्यांचा हातच धरला. त्या फोटोत एक माणूस खोटं आहे हे मला इतकं लख्ख दिसत होतं, आणि त्यांना ते दिसतच नव्हतं. दिरालाही नाही. रोज पाहून पाहून त्यांच्या लेखी सासरे त्या दुपारी तिथं बसलेच होते.

"तू काबर रडी ऱ्हायनी?" सासूबाई माझा हात सोडवत म्हणाल्या. "फोटो शे ना आपलाजोडे."

आम्ही शहाद्याच्या ठाण्यावर गेलो. फौजदार तरुण होता, वाईट माणूस नव्हता. त्यानं फोटो टेबलावर उभा केला, यजमानांवर बोट ठेवलं, बाशिंगाकडे पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, सुटलो. मग त्याचं बोट शेजारी सरकलं.

"हे कोण?"

"ह्या मन्हा मालक शेतस," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

"मग त्यांना घेऊन या की. बाप आहे, त्यांचाही जबाब घेऊ."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. दीर खाकरला. शेवटी त्याच म्हणाल्या, आणि अगदी साध्या आवाजात, "त्या तं देवना घर गयात."

"कधी?"

"लगीनना पहिले."

फौजदारानं फोटो पालथा घातला. एरवी कुणी सांगितली असती तर मीही हसले असते अशी ही गोष्ट. पण त्या ठाण्यात मला पायाखालची फरशी थंडगार लागत होती. मेलेल्या माणसाला लग्नात बसवणारं हे घर, आता याचं कोण काय खरं मानणार?

फोटोवाल्याला बोलावलं. तो बिचारा माझ्याइतकाच भित्रा निघाला. हात जोडून सांगत राहिला, "साहेब, मी म्हाताराले बठाडं. पोऱ्या खराच उभा व्हता." फौजदार म्हणाला, जो मेलेल्याला बसवतो त्याला जिवंत माणूस उभा करायला कितीसा वेळ लागतो? मूळ काच, म्हणजे फोटो पहिल्यांदा जिच्यावर उतरतो ती, आण म्हणाला. काच कुठली आणणार? ती धुऊन त्यानं आपल्या घराच्या खिडकीला लावली होती. काचा महाग, सगळेच फोटोवाले तसं करत.

आता प्रकरण आधीपेक्षा वाईट झालं. आधी नुसता संशय होता, आता खोटा पुरावा तयार केला असंही वर चढलं. आमचा वकील म्हणाला, खुनाचा मामला आहे, फाशीसुद्धा होऊ शकते. तो हे पान चघळत म्हणाला. मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. मी कोठडीत यजमानांना भेटायला गेले तर ते गजांमागून मलाच धीर देत होते. "मी तं लगीनमा व्हतू. तुले माहीत शे," ते म्हणाले. मला माहीत होतं. पण माझ्या माहितीचा उपयोग काय? मी बायको.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला स्वतःचीच भीती वाटू लागली. घरी आले की डोळे मिटून मी ते अंगण आठवायला बघायची. यजमान खुर्चीमागे उभे आहेत, हे दिसायचं. पण खुर्चीत सासरेही दिसायचे. मीच माझ्या हातानं पागोटं ठेवलेलं, तरी ते दिसायचे, रंगीत हातांसकट. मग वाटायचं, जे नव्हतं ते मला दिसतंय, तर जे दिसतंय ते तरी होतं का? हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर वेड लागलं म्हणाले असते.

मॅजिस्ट्रेटनं फोटो तपासायला पुण्याहून एक साहेब बोलावला. साहेब म्हणजे आपलाच माणूस, मराठी, चष्म्याचा, बारीक आवाजाचा. पोलिसांकडे फोटो आणि बोटांचे ठसे पाहायचं काम करायचा. नंदुरबारच्या कचेरीच्या व्हरांड्यात, दिवसाच्या उजेडात, त्यानं टेबल मांडलं. भिंग, कापूस, टीपकागद, एक लहान शेगडी आणि त्यावर चहाची किटली. किटली पाहून दीर मला हळूच म्हणाला, साहेब आधी चहा घेणार वाटतं. साहेबानं आधी आमच्या फोटोचाच एक फोटो काढून घेतला. मग पुष्कळ वेळ भिंगातून पाहिलं आणि मॅजिस्ट्रेटला समजावून सांगितलं. इतरांच्या तोंडावर ऊन डावीकडून आहे, या वृद्ध गृहस्थांच्या तोंडावर उजवीकडून. यांच्या कानाजवळ कागदाची कड आहे. मागे उभ्या असलेल्या आरोपीला कड दिसत नाही. पण त्याच्या पागोट्यावर आणि खांद्यावर रंग आहे, आणि रंगाखाली काय आहे ते वरून सांगता येत नाही.

"रंग काढता येईल?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"येईल. पण कागद नाजूक आहे. फाटलाही जाईल, चित्रही निघून येईल. तसं झालं तर कुणालाच काही उरणार नाही."

त्यानं आधी छोट्या जागी करून बघायचं ठरवलं. सगळ्यांत छोटा रंग कुठे होता, तर सासूबाईंच्या कपाळावर. ओल्या कापसाचा बोळा त्यानं टेकवला, थोडा थांबला आणि उचलला. कुंकू बोळ्याला लागून आलं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळावर गेला. तिथं अर्थातच काही नव्हतं. कागद मात्र टिकला.

मग त्यानं यजमानांचं पागोटं धुवायला घेतलं. इतकी वर्षं झाली, पण तो ओला बोळा यांच्या डोक्यावरून फिरत होता ते आठवलं की आजही माझे हात गार पडतात. उगाच वाटत होतं, यांचंही तोंड निघून आलं तर? ते तिथं नसतीलच तर? मी मनातल्या मनात साऱ्या देवांना हाका मारल्या. लाल रंग गेला. खाली पांढरं पागोटं निघालं, तोंड जागच्या जागी. तेवढ्यात सरकारी वकील म्हणाला, कसबी माणूस कड घासून सपाट करतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

साहेबानं मान डोलावली. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. पण तो म्हणाला, "एक जागा राहिली आहे. आरोपीचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे आणि ऊन डावीकडून आहे. तो खरोखर तिथं उभा असेल, तर त्याच्या हाताची सावली खुर्चीवर पडली असणार. नंतर चिकटवलेला असेल तर नसणार. ती जागा या वृद्ध गृहस्थांच्या खाली आहे."

म्हणजे सासऱ्यांना काढावं लागणार होतं. तोंड वाफेनं सुटं करावं लागेल, ते कदाचित फाटेल, साहेब म्हणाला. फोटो सासूबाईंचा, म्हणून मॅजिस्ट्रेटनं त्यांना विचारलं, चालेल का?

साहेबाची नक्कल सोडली तर सासूबाईंच्या नवऱ्याचं तेवढंच एक चित्र जगात होतं. यात्रेतला फोटो तर कापून टाकलेला. समोर बेड्या घातलेला मुलगा, आणि टेबलावर नवरा. मी त्यांच्या कानाशी लागले. विनवलं, रडले, आणि मग चिडलेसुद्धा. म्हणाले, गेलेल्यासाठी जित्याला घालवणार का? सासूला असं बोलायची छाती मला कुठून आली देव जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यजमानच तिकडून म्हणाले, "माय, राहू दे. बाले हात नको लावू देऊ."

ते ऐकल्यावर सासूबाई पुढे झाल्या. "काढा," म्हणाल्या. "तेनी पोऱ्यासाठे यानं पेक्षा जास्ती करं असतं."

किटलीच्या नळीतून वाफ निघू लागली तसा साहेबानं फोटो तिच्यापुढे धरला, आणि चहाची थट्टा केलेला दीर माझ्याकडे पाहीना. कांजीची खळ सुटायला वेळ लागला. मग चिमट्यानं त्यानं सासऱ्यांचं तोंड एका कडेनं उचललं आणि हळूहळू ओढलं. कानाजवळ ते थोडं फाटलं. ते टीपकागदावर ठेवून त्यानं खालचा रंग पुसायला घेतला. हात गेले, अंगरखा गेला, धोतर गेलं. खुर्ची आली. खुर्चीवर पागोटं आलं, मी ठेवलं होतं तसंच, जरासं कलंडलेलं. आणि त्या पागोट्यावर, तिरकी, पाच बोटांची सावली.

साहेबानं भिंग मॅजिस्ट्रेटच्या हातात दिलं. त्यांनी पाहिलं, सरकारी वकिलाला दिलं. फौजदारानं न मागताच वाकून पाहिलं. मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून खाली बसले. सावली कशाची आहे हे मला भिंगाशिवाय दिसत होतं. त्या हाताला मी रोज भाकरी वाढली होती.

यजमान सुटले. काही दिवस कागदपत्रांत गेले, पण सुटले. गावात वाजतगाजत आणायची दिराची इच्छा होती, ती मी मोडून काढली. मला अजून खरं वाटत नव्हतं. पुढं कितीतरी महिने ते शेतावरून यायला उशीर झाला की मी वेशीपर्यंत जायची आणि त्यांना दुरून पाहिलं की परत फिरायची, म्हणजे ते हसणार नाहीत.

फोटो आम्हांला परत मिळाला. सासऱ्यांचं तोंड मिळालं नाही. ते आणि साहेबानं आधी काढलेली नक्कल, दोन्ही पुरावा म्हणून प्रकरणाच्या कागदांत धुळ्याला गेली. सासूबाईंनी दिराला दोनतीनदा पाठवलं. पहिल्यांदा अर्ज करा म्हणाले, नंतर पुढच्या वेळी या म्हणाले, आणि शेवटी गेला तेव्हा कळलं की जुनी प्रकरणं ठरावीक मुदतीनंतर जाळून टाकतात. त्यात कुणाचा दोष नव्हता. दीर येऊन ओसरीत बसला आणि त्यानं ते सांगितलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि दाणे निवडत राहिल्या.

नंतर बरीच वर्षं गेली. एका दुपारी आम्ही दोघी अंगणात मिरच्या वाळत घालत होतो. त्यांची नजर कमी झाली होती, देठ मोडायचं काम त्या बोटांनी चाचपून करायच्या. मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तेसनं तोंड कसं व्हतं, सांग बरं. माले दिसत नही."

मी काय सांगणार? सासरे हयात होते तेव्हा त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही. त्यांचे पाय मला माहीत होते, आवाज माहीत होता, खोकला माहीत होता. तोंड मी पाहिलं ते ओसरीतल्या फोटोत. तेवढंच आठवून मी सांगू लागले. रुंद कपाळ. डोळे थोडे खोल. आणि मिशा चांगल्या जाड, टोकाला वळवलेल्या.

त्यांनी मान हलवली. "मिश्या तं त्या फोटोवालानी काढ्यात. यात्राना फोटोमा पुसायेल व्हत्यात, म्हनीसन."

त्यांनी आणखी एक देठ चाचपून मोडला. मग पुन्हा हळू आवाजात, आणि या खेपेला त्यांच्या आवाजात भीती होती, त्यांनी मला विचारलं, "मंग खऱ्या कश्या व्हत्यात?"

मला माहीत नव्हतं. आणि त्यांना आठवेना.